अस्वलाचे पुढचे दात

सोमवार, १९ सप्टेंबर १९८३

मोठ्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, अशी शंका आज पुन्हा आली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, म्हणून प्रत्येक वर्गाने एकेक प्राणी घ्यायचा आणि सात तारखेला शिक्षणखात्याच्या साहेबांना नि संस्थेच्या कमिटीला करून दाखवायचं. चौथीला वाघ, तिसरीला हत्ती. पहिली आणि शिशुवर्ग मिळून अस्वल. पहिली माझी, शिशुवर्ग त्या नंदाचा. मोठ्या बाई, म्हणजे रुक्मिणीबाई, चष्मा पुसत म्हणाल्या, "उत्तराबाई, तुम्ही शास्त्र सांगा. नंदाताई गोष्ट सांगतील. दोघी मिळून करा."

दोघी मिळून! मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले. अकरा वर्षं बोरीवलीच्या या शाळेत घासतेय. ही जूनमध्ये आली, बालवाडीचा कोर्स करून, तोही बुलढाण्याला. 'का' म्हणायचं तिथे 'काऊन' म्हणते. आता माझ्या पहिलीतली कारटीही एकमेकांना 'काऊन रे' करायला लागली आहेत. मी जातपात मानणाऱ्यातली नाही, कधीच नव्हते. पण शाळेत भाषेला काही किंमत आहे की नाही?

माझ्या वडिलांनी, दादांनी, तीस वर्षं कापडगिरणीत साचे चालवून मला सायन्सला घातलं. ते काही एका बालवाडीवालीच्या गोष्टीला जोड म्हणून उभं राहायला नाही. मी मोठ्या बाईंना 'बरं' म्हटलं आणि बाहेर आले. दार जरा जोरात लागलं असेल.

बुधवार, २१ सप्टेंबर

तक्ता पूर्ण झाला. कॉलेजात पहिली आले तेव्हा इंग्रजी प्राणिकोश बक्षीस मिळाला होता, त्यातून काढला. बर्फात उभं असलेलं तपकिरी अस्वल, नदीत पंजा मारून मासा पकडणारं अस्वल, थंडीत गुहेत झोपलेलं अस्वल. रंगवायला दोन दिवस गेले. सगळ्या बाई बघून गेल्या. नंदाही आली. बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "लय भारी काढलं बाई. पण हे आपल्याकडलं नाही ना?"

"अस्वल ते अस्वल," मी म्हटलं.

"आपलं काळं असते. झिपरं. अन् ते थंडीत झोपत नाही."

बक्षिसाच्या पुस्तकापुढे हिचं ज्ञान. मी नुसती हसले. माझं तसलं हसणं लोकांना झोंबतं, हे मला ठाऊक आहे.

मधल्या सुट्टीत तिने डबा पुढे केला. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. "घ्या ना बाई." मी म्हटलं, आज माझा उपास आहे. खोटं बोलावं लागलं, पण मला तिखट सोसत नाही. नंतर वरच्या खोलीत जाऊन डबा खाल्ला. आईने बांगड्याचं तिखलं दिलं होतं, झणझणीत.

सोमवार, २६ सप्टेंबर

आज दोन्ही वर्ग एकत्र बसवले. हॉलमध्ये सतरंजीवर अडुसष्ट मुलं. आधी माझं शास्त्र. अस्वल सस्तन प्राणी आहे, त्याचे प्रकार, त्याचं अन्न, त्याची झोप. वीस मिनिटं. दोन मुलं पेंगली, तिघांनी चिमटे काढले, एकाने 'बाई, शू' केलं. शास्त्राला शिस्त लागते, ती या वयात नसते.

मग नंदा. खुर्ची दिली होती ती बाजूला सारून ती खाली मांडी घालून बसली. एक अस्वलीण होती म्हणे. तिला दोन पिल्लं. डोंगर मोठा, पाय छोटे, म्हणून ती दोघांना पाठीवर घ्यायची. पुढे कोण बसणार यावरून रोज भांडण. आई म्हणायची, "भांडा, पण केस घट्ट धरा." अशी ती वारुळापाशी जायची. नखांनी वारूळ फोडायची, नाकपुड्या मिटायची, आधी 'फू' करून माती उडवायची आणि मग 'सुर्रर्र' करून वाळवी ओढून घ्यायची. अडुसष्ट मुलं 'फू' आणि 'सुर्रर्र' करत होती. खालच्या रस्त्यावरचा केळीवाला वर बघायला लागला.

"अन् इतकी मस्त सुर्र कशी होते सांगू?" नंदाने विचारलं. "तिला वरचे पुढचे दोन दातच नसतात. तिथून ओढते."

माझ्या वर्गातली सुगंधा उठून उभी राहिली. हिचे पुढचे दोन दात गणपतीत पडले. तेव्हापासून तोंडावर हात ठेवूनच बोलते, वाचायला सांगितलं तर रडते. तिने हात काढला आणि सगळ्यांपुढे त्या फटीतून सुर्र केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग काय विचारता, निम्मी मुलं निम्म्यांच्या पाठीवर. सतरंजी कुठे, मुलं कुठे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेबलावर पट्टी आपटली. "नंदाताई, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

ती उठली. "पुस्तकातलं नाही बाई. आमच्याकडे तसंच असते."

"अस्वल म्हणजे काय सायकलचं कॅरियर आहे, पोरं बसवून न्यायला? आणि दात नसलेलं जनावर जगेल तरी का?"

मुलं हसली. मला मान्य आहे, तिला हसली म्हणून मला बरं वाटलं. मग मी सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं. अस्वल पिल्लांना पाठीवर घेत नाही. अस्वलाला पुढचे दात असतात. तिसऱ्यांदा आवाज छान लागला. नंदा खिडकीशी उभी होती. सुगंधाने पुन्हा तोंडावर हात ठेवला. ही मुलगी आहेच खुळी.

मंगळवार, २७ सप्टेंबर

मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तोंडी नको, लेखी द्या. दिलं. 'शिशुवर्गाच्या शिक्षिका मुलांच्या कोवळ्या मनात अवैज्ञानिक समजुती भरवत आहेत, संस्थेने वेळीच दखल घ्यावी.' अक्षर फार सुंदर आलं. रुक्मिणीबाईंनी दोनदा वाचलं. "उत्तराबाई, ती टेंपररी आहे. हा कागद कमिटीकडे गेला तर ती जाईल. तिच्या एकटीच्या पगारावर घर आहे."

मी म्हटलं, प्रश्न मुलांचा आहे.

"मग पुस्तकातला उतारा जोडा. नुसतं तुम्ही म्हणता म्हणून नको."

जोडते की. दहा जोडते.

गुरुवार, २९ सप्टेंबर

जेवताना जयवंतला सांगितलं. माझा धाकटा भाऊ. गिरणीच्या संपापासून दीड वर्ष घरी बसून होता, आता आरेला गोठ्यांवर पेंड उतरवायला जातो. अंगाला शेणाचा वास आणि जिभेला धार.

"तू कधी अस्वल बघितलंस गं?"

"राणीच्या बागेत."

"आणि ती?"

"ती काय सांगणार! खेड्यातली आहे, काहीतरी ऐकलं असेल."

"म्हणजे तुला माहीत नाही." त्याने भात कालवला. "ताई, नोकरी जाते म्हणजे काय होतं ते मला विचार. तुझा तो कागद परत घे. वाट लागेल त्या पोरीची."

मी म्हटलं, युनियनचं भाषण इथे नको. आई म्हणाली, जेवताना भांडू नका. तो ताट घेऊन उठला. माझ्या घरात माझ्याच बाजूने बोलणारं कोणी नाही.

शनिवार, १ ऑक्टोबर

अर्धी शाळा. तिथून थेट अंधेरीला, माझ्या जुन्या कॉलेजात. ग्रंथपाल अजून तेच, त्यांनी ओळखलं. भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचं जाडजूड पुस्तक काढून दिलं. उतारा लिहून घ्यायला वही, पेन, कार्बन सगळं नेलं होतं.

आपल्याकडचं अस्वल काळं असतं. झिपऱ्या केसांचं. हिवाळ्यात झोपत नाही. वारुळं फोडून वाळवी खातं. नाकपुड्या मिटता येतात. आधी फुंकर मारून माती उडवतं, मग ओढून घेतं, तो आवाज लांबवर ऐकू जातो. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतात. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते.

तीनदा वाचलं. पुढच्या पानावर फोटो होता, काळा-पांढरा, छोटा. अस्वलीण चाललेली आणि पाठीवर दोन पिल्लं, केस मुठीत धरून. पुढच्या पिल्लाने मागे वळून मागच्यावर तोंड वासलेलं होतं.

मला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. आणि लगेच त्या नंदाचा पहिल्यापेक्षा दुप्पट राग आला. तिने तेव्हाच ठणकावून का नाही सांगितलं? इतकं खात्रीचं माहीत होतं तर खिडकीशी गप्प का उभी राहिली?

ग्रंथपालांनी विचारलं, "हवं ते मिळालं ना?" मी 'हो' म्हटलं. वही उघडलीच नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

काल दिवसभर ठरवत होते की आज सकाळी जाऊन अर्ज परत मागायचा. शाळेत पोचते तोच शिपाई, "बाई, ऑफिसात बोलावलंय." संस्थेचे चिटणीस बसले होते, रुक्मिणीबाई बाजूला. माझा अर्ज टेबलावर. चिटणीस म्हणाले, "उत्कृष्ट लिहिलंय. शाळेला अशाच शिक्षिका हव्यात. तो पुस्तकाचा उतारा आणलात?"

मी म्हटलं, पुस्तक बाहेर नेऊ देत नाहीत.

"हरकत नाही. शास्त्राच्या पदवीधर तुम्ही, तुमचा शब्द पुरे. पण खात्री आहे ना?"

रुक्मिणीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांची नजर मला आवडली नाही. जणू मी चोरी करताना सापडले आहे. तशा नजरेपुढे कोण काय कबूल करणार?

"आहे," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर शिपाई म्हणाला की चिटणिसांची भाची बालवाडीचा कोर्स करून घरी बसली आहे. म्हणजे नंदा आज ना उद्या जाणारच होती. माझ्या एका शब्दाने काय होणार होतं?

बुधवार, ५ ऑक्टोबर

दुपारी नंदाला ऑफिसातून नोकरी संपल्याचा कागद मिळाला. तिने रंगीत खडूंचा डबा कपाटात ठेवला, हजेरीपटावर सही केली आणि गेली.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

कार्यक्रम झाला. माझा तक्ता मधोमध लावला होता. साहेब म्हणाले, "वा, अगदी परदेशी पुस्तकातल्यासारखा." मुलं रांगेत उभी राहून एका सुरात म्हणाली, अस्वल पिल्लांना पाठीवर घेत नाही. अस्वलाला पुढचे दात असतात. साहेबांनी नेमकी सुगंधाच निवडली. "काय गं, अस्वलाला पुढचे दात असतात का?"

"असतात," ती हाताआडून म्हणाली.

"तोंडावरचा हात काढून बोल बरं."

तिने काढला नाही. साहेब हसले, चिटणीस हसले, टाळ्या झाल्या. पेढे वाटले. मोठ्या बाईंनी पेढा घेतला नाही, डोकं दुखतंय म्हणाल्या.

दोन आठवडे याच दिवसासाठी मरमर केली. एकदाही आनंद झाला नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं? मी तिच्यावर ओरडले.

रविवार, ९ ऑक्टोबर

शिपायाकडून पत्ता घेऊन मागाठाण्याला गेले. का गेले ते धड सांगता येणार नाही. तिने एकदा 'असू द्या बाई' म्हणावं, एवढंच हवं होतं बहुतेक.

एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. दाराशी म्हातारे गृहस्थ कागदाच्या पिशव्या चिकटवत बसले होते. मान वर केली आणि मी एक पाऊल मागे सरले. उजवा डोळा नव्हता. गालाचं मांस डोळ्याच्या खाचेपासून हनुवटीपर्यंत ओढून शिवल्यासारखं. "या बाई, मी अंबादास. नंदाचा बाप," ते म्हणाले. तोंड एकाच बाजूने हलत होतं.

नंदा आतून आली. बसा म्हणाली नाही. तिची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली तर नंदाने तिच्या हातातून तो काढून घेतला. "राहू दे माय. बाईचा उपास असते. आपल्याकडे आलं की लागतेच त्यांना उपास."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पुस्तक बघितलं, तुझं बरोबर होतं, सगळंच बरोबर होतं.

"कधी पाह्यलं पुस्तक?"

"शनिवारी."

"काल?"

"एक तारखेला."

तिने बोटांवर मोजलं. "मला कागद बुधवारी भेटला."

मी म्हटलं, माझी चूक झाली, पण तू त्याच वेळी सांगायला हवं होतंस की तुझ्या घरात...

"काय सांगायला पाह्यजे होतं? माह्या बापाचं तोंड आणून दाखवायला पाह्यजे होतं तुम्हाले? माह्या शब्दानं नसतं भागलं?"

अंबादास मध्येच म्हणाले, "मोहाची फुलं वेचाले गेलतो बाई. अस्वलिणीच्या पाठीवर दोन पिल्लं होते. मी मंधात आलो. तिचा काय दोष हाय त्यात?" आणि पुन्हा पिशव्या चिकटवू लागले. एवढं होऊनही त्या जनावराबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. त्यांच्या मुलीला मात्र माझ्याबद्दल होता, पुरेपूर होता.

मी म्हटलं, "मी मोठ्या बाईंना सांगते. कमिटीला लिहून देते."

"भाची रुजू झाली ना चिटणिसाची?"

"उद्यापासून."

"मग कोणाले लिहिता? मी काही परत येत नाही अन् कोणी घेतही नाही. तुम्हाले मोकळं वाटावं म्हणून मी इथं बसली नाही, बाई. ज्यांच्या तोंडून खोटं वदवलं त्यांना सांगा. उगाच माह्या दारात रडू नका."

मी रडत नव्हते. वळले तेव्हा ती दार लावत होती. रस्ताभर तिला मनात उत्तरं देत आले. एकही धड नव्हतं.

सोमवार, १० ऑक्टोबर

सकाळी आधी ऑफिसात जाऊन अर्ज दिला, 'माझा दिनांक २७ सप्टेंबरचा आरोप खोटा होता.' रुक्मिणीबाईंनी वाचला, घडी घातली, खणात ठेवला. "बघते," म्हणाल्या. "पण फार उशीर केलात." मग विचारलं, "वर्गात जाताय ना?"

दोन्ही वर्ग पुन्हा हॉलमध्ये घेतले. नवीन ताई, चिटणिसांची भाची, कोपऱ्यात खुर्चीवर. मी तक्ता लावला नाही. सरळ म्हटलं, "मुलांनो, अस्वल आपल्या पिल्लांना पाठीवर घेतं."

"नाही घेत!" अडुसष्ट मुलं ओरडली.

"घेतं. आणि अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात."

"असतात!"

त्यांना वाटलं, बाई परीक्षा घेतायत. मी जितकी ठासून सांगू तितकी ती खूश होऊन ओरडायला लागली. नवीन ताई हसून म्हणाली, "काय छान पाठ करून घेतलंय तुम्ही!" माझा तोल गेला. पट्टी घेऊन टेबलावर इतकी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. "गप्प बसा! मी चुकीचं शिकवलं! मी खोटं सांगितलं तुम्हाला! कळतंय का?"

शिशुवर्गातलं एक पोर रडायला लागलं. मला वाटलं, झालं. सांगून झालं, सुटले.

सुगंधा उठली. "म्हणजे नंदाताईंचं खरं होतं?"

"हो."

"मग त्यांना का काढलं?"

मी पाणी प्यायले. खिडकी उघडली, पुन्हा लावली. सुगंधा खाली बसली नाही, बाकीचीही एकेक करून माझ्याकडे बघायला लागली.

"पुस्तकं काढा," मी म्हटलं. "पान बारा."

कोणीही पुस्तक काढलं नाही.